होडी सुटण्याआधी

दुपारी इथं बहरीनमध्ये ऑफिसात डबा उघडला होता, तेवढ्यात संदेशचा फोन आला. संदेश म्हणजे माझा धाकटा दीर. तो ड्युटीच्या वेळात कधी फोन करत नाही, म्हणून हातातली पोळी तशीच ठेवून फोन उचलला. ‘‘वहिनी, रोझा पडली. सलमानिया हॉस्पिटलात नेऊन रायले. तुम्ही या बरं लवकर,’’ एवढंच बोलला. मला वाटलं, पाय घसरला असेल. आमच्या इमारतीत जिना धुणारा माणूस पाणी तसंच सोडून जातो, त्यावरून मी त्याला कितीदा बोलले होते. टॅक्सीत बसल्यावर मनातल्या मनात त्याच्याशीच भांडत होते. हॉस्पिटलच्या दारात पोचले तर संदेश भिंतीला टेकून उभा. अंगात हॉटेलचा युनिफॉर्म, हातात रोझाची एकच चप्पल. ती का घेऊन उभा आहे, हे त्यालाही सांगता येईना. रोझा स्वयंपाकघरात पडली होती. नळ वाहत राहिला, पाणी दाराखालून बाहेर आलं, तेव्हा शेजारच्या फिलिपिनो बाईनं वॉचमनला हाक मारली. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस फुटली. संध्याकाळ व्हायच्या आत माझी जाऊ गेली. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती तिनं.

त्याला आता काही आठवडे झाले. रोझाबद्दल लिही, असं मला कोणी सांगितलेलं नाही. पण तिच्या गावाबद्दल आणि त्या गावाच्या एका रीतीबद्दल मी लिहिलं नाही, तर आमच्या घरात गेल्या महिन्यात काय घडलं ते कोणाला कळणार नाही… आणि मलाही ते कुठंतरी ठेवायला जागा हवी आहे.

रोझा इंडोनेशियाची. इंडोनेशिया म्हटलं की लोक ‘बाली का?’ असं विचारतात. तिचं गाव बालीच्याही कितीतरी पलीकडे, लेंबाता नावाच्या बेटाच्या दक्षिण टोकाला. मागे डोंगर, पुढे समुद्र, आणि मधल्या उतारावर एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी घरं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या लाकडी होड्यांतून समुद्रात जाऊन भाल्यानं व्हेल मारतात आणि त्यावर वर्ष काढतात. वर्षातून मोजक्याच वेळा हाती लागतो, बाकी दिवस उडते मासे. पण इंटरनेटवर बसून माणसं त्यांना वाट्टेल ते बोलतात. तिथल्या दगडात मका उगवत नाही हे त्यांना ठाऊक नसतं. रोझा बालीच्या हॉटेलात कामाला लागली, मग एकदा गावी जाऊन तिथूनच बहरीनला आली. जुफैरच्या एका हॉटेलात ती लाँड्रीत होती आणि संदेश एसी टेक्निशियन. लाँड्रीतलं मशीन कमी बिघडायचं आणि संदेश जास्त वेळा जायचा, हे आमच्या ह्यांच्या, म्हणजे मिलिंदच्या, लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

यवतमाळला सासूबाईंना कसं सांगायचं, हा प्रश्न माझ्यावर आला. फोनवर सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, ‘‘खाते काय ते?’’ मी म्हटलं, ‘‘मासे. वाळवलेले.’’ मग म्हणाल्या, ‘‘सुकट खाते, म्हणजे आपलीच हाय. आणा तिले.’’ लग्न दोनदा लागलं, एकदा आमच्या विहारात आणि एकदा तिच्या गावच्या चर्चमध्ये. घरात बुद्धमूर्तीशेजारी मेरी आली आणि दोघांपुढं एकाच पुड्यातली उदबत्ती लागू लागली. सासूबाईंचा फोन आला की रोझा ‘‘जयभीम आई’’ म्हणायची आणि पुढचं बोलायला फोन माझ्या हातात द्यायची.

मराठी ती माझ्याकडून शिकली, त्यामुळे आमची वऱ्हाडीच शिकली. ‘‘काऊन वं काका, तोंड पाडून बसली?’’ असं आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक इंडोनेशियन बाई म्हणते तेव्हा आजूबाजूचे मराठी लोक वळून बघायचे. तिच्याकडे थोरल्या बहिणीला ‘काका’ म्हणतात. तारा, म्हणजे तिची मुलगी, तिला ‘मामा’ म्हणायची. तेव्हा आमच्या घरात दोन बायका होत्या, एक काका आणि एक मामा, आणि पाहुण्यांना हे समजावून सांगता सांगता चहा निवायचा. मी वरच्या मजल्यावर, ती खालच्या. तिच्या गॅलरीत दोरीवर मासे वाळत असत, त्यावरून वॉचमन तक्रार घेऊन माझ्याकडे यायचा. मी त्याच्याशी भांडायची आणि संध्याकाळी तेच मासे रोझाकडे जाऊन भाकरीबरोबर खायची. सुटीच्या दिवशी सकाळी खालून ठक् ठक् असा आवाज येई. ती मका मातीच्या खापरात भाजून, गरम दाणे बोटांनी उचलून, दोन दगडांमध्ये चपटे करी. त्याचे पोहे होतात, तिच्या गावाचं ते रोजचं खाणं. तिची बोटं भाजत नसत. मी एकदा हात घातला आणि फोड घेऊन वर आले.

पण रोझा म्हटलं की मला पहिल्यांदा आठवते ती तिची एक सवय. घरातून कोणी बाहेर निघालं आणि त्याच्याशी थोडीशीही कुरबूर झालेली असली, की ती दारात आडवी उभी राहायची. उजवा हात स्वतःच्या छातीवर ठेवायची आणि विचारायची, ‘‘खलास?’’ इथं संपलं, मिटलं, झालं, याला सगळे खलास म्हणतात. तिनं तो शब्द उचलला होता. समोरच्यानंही छातीवर हात ठेवून ‘खलास’ म्हटल्याशिवाय ती बाजूला होत नसे. संदेशची गाडी खाली हॉर्न वाजवत असायची आणि हा दारात, कालच्या पाण्याच्या बिलावरून झालेलं भांडण मिटवत असायचा. तोंडदेखलं म्हटलेलं तिला चालत नसे. डोळ्यांत बघून म्हणावं लागे. मी तिला चिडवायची, ‘‘बाप्पा, आमच्याकडं तर नवरा शिफ्टला जाताना भांडण अर्धवट ठेवतात. परत आल्यावर करायला काहीतरी पायजे ना!’’ ती हसायची, पण बाजूला व्हायची नाही.

हे खूळ कुठून आलं, ते तिच्या गावी गेल्यावर कळलं. तारा तेव्हा लहान होती, पहिली-दुसरीत. आम्ही सगळे उन्हाळ्याच्या सुटीत गेलो. विमानं बदलत कुपांगला, तिथून एका लहानशा विमानानं बेटावर, आणि मग मालट्रकला बाकं ठोकून केलेल्या गाडीतून डोंगर ओलांडून गावात. रस्ता इतका फुटका की माणसं, कोंबड्या आणि सिमेंटची पोती एकमेकांच्या मांडीवर येत होती. उतरलो तेव्हा वास आला, तेलकट, खारट, जुना. बांबूंच्या मांडवांवर मांसाच्या पट्ट्या वाळत होत्या, त्यातून तेल ठिबकत होतं. वाळूच्या कडेला गवती छपरांखाली होड्या ओळीनं उभ्या होत्या आणि एका घराच्या कुंपणाला चक्क व्हेलच्या बरगड्या रोवलेल्या. मिलिंद माझ्या कानात म्हणाला, ‘‘आपल्याकडं बाभळीचं कुंपण करतात, इथं हे.’’ रोझाची आई पायरीवर उभी होती. तारा तिला ओमा म्हणे, मग आम्हीही सगळे ओमाच म्हणू लागलो. ओमानं सर्वांत आधी माझे हात हातात घेतले, बोटं दाबून बघितली आणि रोझाला काहीतरी म्हणाली. रोझा हसू लागली. ‘‘म्हणते, इची बोटं नरम हायत, ही मका कुटत नाही.’’

त्या गावात काय नाही ते मोजायला बसलो तर दिवस पुरणार नाही. वीज संध्याकाळी जनरेटरवर, तीही डिझेल असलं तर. पाणी खालच्या झऱ्यावरून डोक्यावर आणायचं. दवाखाना म्हणजे एक खोली आणि एक नर्स, मोठं हॉस्पिटल डोंगरापलीकडच्या शहरात, आणि पावसात रस्ता वाहून गेला की तेही नाही. फोनला रेंज एकाच ठिकाणी, चर्चच्या वरच्या कड्यावर. तिथं एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलेली असे आणि लोक पाळीपाळीनं बसून मलेशियातल्या, आखातातल्या आपल्या माणसांशी बोलत. पण उपाशी कोणी नव्हतं. व्हेल मिळाला की त्याचे वाटे ठरलेले, कोणत्या घराला शेपटीकडचा, कोणाला पोटाकडचा. ज्यांच्या घरात आता समुद्रावर जाणारा पुरुष उरलेला नाही, त्या बायकांचा वाटाही पोचतो. मग बायका वाळवलेलं मांस टोपलीत घालून डोक्यावर घेतात आणि डोंगरातल्या गावांत जाऊन त्याच्या बदल्यात मका, केळी, कंद आणतात. आठवड्याचा बाजारही तसाच. एक माणूस शिट्टी वाजवतो आणि देवघेव सुरू होते. पैशाचं नाव नाही. मला भाव करायची जन्माची हौस, आणि इथं भावच नाही! शेवटी मी बहरीनहून नेलेल्या खजुराचा डबा पुढं केला. डोंगरातल्या एका म्हातारीनं एक खजूर तोंडात टाकला, डोळे मिटले आणि केळ्यांचा आख्खा घड माझ्या पायाशी ठेवला. इतकी श्रीमंत मी पुन्हा कधी झाले नाही.

आणि मग ती सकाळ. होड्या पहाटेच समुद्रावर गेल्या होत्या, रोझाचा मामेभाऊ त्यांतल्या एका होडीवर होता. मी आणि मिलिंद ओमाच्या अंगणात भांडत होतो. कारण अगदी क्षुल्लक, त्यानं माझा टॉवेल ओल्या वाळूत टाकला होता. पण आमचं भांडण वऱ्हाडी, म्हणजे आवाजाचं. ओमा विणत होती, तिनं माग थांबवला. शेजारच्या बायका दारात आल्या. रोझा धावत आली, ‘‘काका, चूप! होडी गेली हाय!’’ मला वाटलं झोपलेलं पोर उठेल म्हणून म्हणते. दुपारी होड्या परत आल्या त्या रिकाम्या. व्हेल दिसला होता, पण भाला दोनदा फेकून दोन्ही वेळा घसरला. संध्याकाळी होडीवरची माणसं अंगणात येऊन बसली. रागावलेली नव्हती, फक्त चौकशी करत होती, आज घरात कोण भांडलं? सगळ्यांनी आमच्याकडे बघितलं. मिलिंद, बहरीनमधल्या अस्करच्या कारखान्यात भल्याभल्यांना ऐकवणारा माणूस, शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला.

तेव्हा ओमानं ती रीत सांगितली आणि रोझानं मला तिचं मराठी करून दिलं. होडीतल्या माणसाच्या हातात फार थोडं असतं. बाकीचं सगळं किनाऱ्यावर राहिलेल्या माणसांच्या मनात असतं. घरी राहिलेल्यांनी राग धरला तर होडीवरच्याचा हात चुकतो, आणि राग मोठा असला तर होडीच येत नाही. म्हणून निघण्याआधी मिटवायचं. तेवढा वेळ मिळाला नाही, तर घरी राहणाऱ्यानं एकट्यानं बसून मनातून काढून टाकायचं. ते त्याचं काम. ओमानं करवंटीत पाणी आणलं, आम्हा दोघांना चूळ भरायला लावली, आणि उरलेलं पाणी होडीच्या नाकावर शिंपडायला सांगितलं. मी शिंपडलं. मिलिंद माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, ‘‘टॉवेल धुऊन देतो वं.’’ सगळं अंगण हसलं. त्यांना शब्द कळला नव्हता, पण नवरा काय म्हणाला असेल ते कळलं होतं.

त्या वेळी तारा दिवसभर अनवाणी वाळूत असायची, ओमाच्या मांडीवर मक्याचे पोहे खायची. मोठी झाली तसं ते सगळं सुटलं. इथली मुलं तशीच होतात, मराठीत विचारा, इंग्रजीत उत्तर येतं. रोझा तिच्याशी आपल्या भाषेत बोलायची, तारा इंग्रजीत. आता ती पंधरा वर्षांची आहे. या उन्हाळ्यात गावी जायचं असं रोझानं मनाशी ठरवलं होतं, मोसमात, होड्या समुद्रावर असताना. ओमा थकली होती. ‘‘तिथं तिला काही झालं तर डोंगर ओलांडेपर्यंत जाईल ती,’’ असं रोझा मला सारखं म्हणायची. आईसाठी दवाखान्याची काळजी करत बसलेली ही बाई सलमानियापासून पाच मिनिटांवर राहत होती. तिथं धड दवाखाना नाही आणि ओमा अजून झऱ्यावर जाते. इथं सगळं होतं, आणि… जाऊ द्या.

शेवटची भेट म्हणावी अशी काही झाली नाही. त्या सकाळी मी ऑफिसला निघाले तेव्हा रोझा खाली फाटकात उभी होती, घरातल्या कपड्यांत, केस न विंचरलेले. रस्त्याकडे बघत होती. मी विचारलं, ‘‘काय झालं वं?’’ ती म्हणाली, ‘‘बस गेली, काका.’’ मला वाटलं ताराचा डबा द्यायचा राहिला असेल. मी म्हटलं, ‘‘जाऊ दे, कँटीनमध्ये खाईल.’’ तिनं मान हलवली. माझी टॅक्सी आली. वळून बघितलं तेव्हा ती तिथंच उभी होती.

रोझाला इथल्याच दफनभूमीत ठेवलं. तिला गावी न्यावं की काय, यावर संदेश शेवटी म्हणाला, ‘‘तारा इथं हाय. तिची माय इथंच राहू दे.’’ ओमाला कड्यावर नेऊन कोणीतरी फोन जोडून दिला. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, तिथून समुद्र दिसतो का? दिसत नाही. संदेशनं तसं खरं सांगितलं.

तारासुद्धा रडली नाही. आम्ही म्हणायचो, पोर समजूतदार आहे. मग माझ्या लक्षात येऊ लागलं. संदेश कामाला निघाला की ती दारात येऊन उभी राहायची, छातीवर हात ठेवून, ‘‘खलास?’’ भांडण काहीच झालेलं नसायचं. तो ‘‘खलास, बेटा’’ म्हणून जायचा आणि ती लिफ्टपर्यंत मागे जाऊन पुन्हा विचारायची. मी दुकानात निघाले तरी, ‘‘मोठी आई, खलास?’’ वॉचमनलासुद्धा. मधल्या सुटीत शाळेतून बापाला फोन करून ‘‘तू माझ्यावर रागावला नाहीस ना?’’ म्हणून विचारायची. तिच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला, की ही मुलगी सगळ्यांची माफी मागत फिरते आहे. शेवटी एका सुटीच्या दिवशी मी तिला वर बोलावलं, डोक्याला तेल लावायला बसवलं आणि मागूनच विचारलं. समोर बसून ती बोलली नसती.

‘‘आय डिडंट फिनिश इट, मोठी आई,’’ ती म्हणाली. त्या सकाळी गावी जाण्यावरून आईशी तिचं भांडण झालं होतं. मैत्रिणी इथं, डान्सचा कार्यक्रम इथं, आणि तिथं रेंज नाही, बाथरूम नाही. ती म्हणाली होती, ते तुझं घाणेरड्या वासाचं गाव आहे, माझं नाही. रोझा दारात उभी राहिली, छातीवर हात ठेवला. तारानं तिचा हात बाजूला केला आणि पळत जाऊन बसमध्ये बसली. मागच्या खिडकीतून तिला आई फाटकात येताना दिसली होती. ‘‘मामा ऑल्वेज सेड. न मिटवता गेलं की वाईट होतं. आणि झालं.’’

मी तिला सांगितलं, की नस फुटते ती भांडणानं नाही, ती आधीपासूनच कमजोर असते. मिलिंदनं डॉक्टरांचा रिपोर्ट समोर ठेवून एकेक ओळ समजावली. कार्यकारणभाव सांगितला, लहानपणापासून आम्ही ज्यावर वाढलो ते सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, ‘‘ओके’’ म्हणाली आणि संध्याकाळी पुन्हा दारात छातीवर हात ठेवून उभी. तेव्हा मला कळलं, की आमचं शहाणपण तिच्या काही कामाचं नाही. तिच्या आईनं जे शिकवलं ते खोटं, असं ऐकायला ती तयारच नव्हती. आई तर गेली, आता तिची गोष्टही खोटी ठरवायची? आमची पोर आमच्या डोळ्यांसमोर सुकत चालली होती आणि आमच्याकडे द्यायला काही नव्हतं.

त्या शुक्रवारी ओमाचा फोन येणार होता. आमच्याकडे सकाळ होती, तिकडे दुपार कलत होती. संदेशनं फोन जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. पडद्यावर कड्यावरची ती खुर्ची आणि खुर्चीत ओमा, डोक्यावरून कापड घेतलेली, मागे नुसता समुद्र. नेहमीची विचारपूस झाली. संदेशला कामापुरती त्यांची भाषा येते, तो इकडचं तिकडं करत होता. अचानक तारा म्हणाली, ‘‘बाबा, आस्क हर. मी मामाशी भांडून गेले, मिटवलं नाही. म्हणून ती गेली का?’’

संदेशला हे ठाऊकच नव्हतं. आम्ही त्याला सांगितलं नव्हतं. तो पोरीकडे बघत राहिला. ‘‘बाबा, सांग ना तिला.’’ मग खाली बघत, अडखळत, त्यानं ते ओमाला सांगितलं, गाव घाणेरडं म्हणाल्याचंसुद्धा, कारण तारा शेजारून ‘‘सगळं सांग’’ म्हणत होती. तेवढ्यात पडदा थिजला. ओमाचा चेहरा तसाच, डोळे आमच्याकडे, आणि आवाज नाही. आम्ही चौघं त्या थिजलेल्या चेहऱ्यासमोर बसून राहिलो. मला वाटलं, रेंज गेली ते बरंच झालं.

पण ती परत आली. वाऱ्याचा आवाज आला आणि मग ओमाचा. संदेश एकेक वाक्य मराठीत सांगत गेला.

‘‘त्या दिवशी घरातून बाहेर कोण गेलं?’’

‘‘मी,’’ तारा म्हणाली.

‘‘घरी कोण राहिलं?’’

‘‘मामा.’’

‘‘मग होडीत कोण होतं, पोरी?’’

ओमानं खुर्ची पुढं ओढली. तिचा चेहरा पडदाभर झाला.

‘‘होडीत तू होतीस. ती किनाऱ्यावर होती. तू परत आलीस का? हातपाय धड होते?’’

‘‘हो.’’

‘‘मग तिनं मिटवलं होतं. तू दिसेनाशी झालीस की लगेच बसून तिनं मनातून काढून टाकलं. एक दाणाभर जरी ठेवलं असतं तर तू अशी परत आली नसतीस. तिला मी शिकवलंय, मला माहीत नाही का?’’

ताराचं तोंड उघडलं आणि त्यातून असा आवाज निघाला की शेजारची बाई दार वाजवायला आली. इतक्या आठवड्यांचं रडणं ते. मी तिला पोटाशी धरलं, मिलिंद उठून खिडकीकडे गेला. त्या गोंधळात ओमा अजून बोलतच होती आणि संदेशनं सांगणं थांबवलं होतं. मी म्हटलं, ‘‘काय म्हणते?’’ तो मान हलवत राहिला. मी पुन्हा विचारलं. तेव्हा त्यानं सांगितलं.

‘‘म्हणते… रोझाची होडी माझ्या किनाऱ्यावरून सुटली होती. ती परत आली नाही. तेव्हा काही राहिलं असेल तर ते तुझ्या घरात शोधू नको, माझ्या घरात शोध. ती आखातात निघाली तेव्हा मी तिच्याशी बोलले नाही. ट्रकपर्यंत गेले नाही, मागावर विणत बसून राहिले. नंतर ती आली, तुम्ही सगळे आलात, हसलो, जेवलो. पण ते बोलायचं राहूनच गेलं.’’

म्हातारीनं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं होतं. मुलीचं ओझं नातीच्या डोक्यावरून उतरवलं आणि खाली ठेवायला जागा नव्हती म्हणून स्वतःच्या डोक्यावर घेतलं, त्या गावातल्या बायका टोपली घेतात तसं. तारा रडता रडता थांबली. तिनं बापाच्या हातातून फोन ओढून घेतला आणि आईच्या भाषेतला तिला येणारा एक शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागली, ‘‘जांगान, ओमा… जांगान.’’ म्हणजे नको, असं करू नको. पलीकडे वारा होता. मग रेंज गेली, ती त्या दिवशी परत आली नाही.

मी अजूनही त्या रीतीवर विश्वास ठेवत नाही. रोझा नस फुटून गेली, हे मला माहीत आहे. पण त्या दिवसापासून तारानं दारात उभं राहणं सोडलं. आता ती गावी चालली आहे. डान्सचा कार्यक्रम तिनं स्वतःच सोडला. संदेश तिला घेऊन जाईल, शाळेला सुटी लागली की लगेच. काल मी तिची बॅग भरायला खाली गेले. खोलीत रोझाचे कपडे अजून तसेच टांगलेले आहेत, कोणी हात लावलेला नाही. तारा पलंगावर बसून होती. चक्क सगळं मराठीत म्हणाली, ‘‘मोठी आई, मी ओमाला सांगणार आहे की मामा तुझ्यावर रागावलेली नव्हती. पण तिनं विचारलं, तुला कसं माहीत, तर काय सांगू?’’

आयुष्यात भांडताना मला शब्द कमी पडले नाहीत. मी तिच्या फ्रॉकची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

‘‘तू जा तर खरी,’’ मी म्हटलं.

‘‘पण काय सांगू?’’ ती म्हणाली.